मोबाईल म्हणतो ६/६, मग डोळे ठीक आहेत का?

डोळे तपासणारी भरपूर अ‍ॅप्स आता मोबाईलवर मिळतात. अक्षरं वाचा, लगेच निकाल हातात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण आकडा दिसला की तो नेमकं काय मोजतो हे बघायची मला सवय आहे. चला, तेच बघूया.

६/६ म्हणजे काय?

अक्षरांचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये बनवला. पहिला आकडा म्हणजे तुमचं तक्त्यापासूनचं अंतर, मीटरमध्ये. दुसरा म्हणजे तीच ओळ सामान्य नजर किती मीटरवरून वाचते ते. ६/६० असेल तर इतरांना ६० मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं.

चष्म्याचा नंबर वेगळा

नंबर डायॉप्टरमध्ये असतो. नंबर -२ असेल तर १ भागिले २, म्हणजे चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. आता गंमत बघा: मोबाईल आपण ४० सेंटीमीटरवर धरतो. म्हणजे ही व्यक्ती चष्म्याशिवायही टेस्ट आरामात पास होऊ शकते, पण बसची पाटी वाचू शकत नाही. वर्गातला फळा न दिसणारं मूलही असंच सुटून जाईल.

नंबर की आजार?

डॉक्टर साधारण १ मिलिमीटरच्या छिद्रातून तक्ता वाचायला सांगतात. अक्षर स्पष्ट झालं, तर प्रश्न बहुतेक फोकसचा, चष्म्याने सुटणारा. नाही झालं, तर कॅमेऱ्याच्या भाषेत लेन्स धूसर (मोतीबिंदू), किंवा सेन्सर (डोळ्याचा पडदा) नाहीतर केबल (डोळ्याची नस) यात बिघाड असू शकतो.

६/६ असूनही धोका

काचबिंदूत नजर सहसा कडेने कमी होत जाते, मधली बराच काळ टिकते. त्यामुळे तक्त्यावर ६/६ येतच राहतं. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेकदा ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. मधुमेहातही पडदा खराब व्हायला लागला तरी सुरुवातीला काही जाणवत नाही.

म्हणून चाळिशी उलटली असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. शुगर असेल तर दरवर्षी पडदाही. आई-बाबांना ‘मला नीट दिसतंय’ म्हणायची सवय असेल, तर अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या.