घरचे वीस दिवस

कुरुंदवाडहून कॅन्सरच्या केमोसाठी मिरजेला किंवा कोल्हापूरला जायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत घरी परतायचं. अनेक केमो-औषधांचं चक्र 21 दिवसांचं असतं. म्हणजे एक दिवस दवाखान्याचा आणि वीस दिवस घरचे. उपचार म्हटलं की तो एकच दिवस डोळ्यांसमोर येतो, पण खरा धोका असतो तो घरच्या दिवसांत. भराभर वाढणाऱ्या पेशी मारताना ही औषधं अस्थिमज्जेलाही धक्का देतात आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळ गाठतात. नेमकी तेव्हाच सुरुवातीची मळमळ ओसरलेली असते, पेशंट भाकरी मागून खातो आणि घराला वाटतं, सुटलो! या काळात जंतुसंसर्ग झाला तरी पू धरत नाही, कारण पू धरायलाही पांढऱ्या पेशीच लागतात. अनेकदा ताप हीच काय ती खूण, आणि तीही आपण पॅरासिटामॉल देऊन पुसून टाकतो. 100.4 फॅरनहाइट ताप दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच.

म्हणून घरात थर्मामीटर हवा आणि एक वही हवी. तारीख, केमोनंतरचा कितवा दिवस, ताप, उलट्या, जुलाब, किती भाकरी गेली, तोंड आलं का: दिवसाला एक ओळ पुरे. न्यूयॉर्कमध्ये 766 रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्रासाची नियमित नोंद करणारे रुग्ण मध्यकानुसार 31.2 महिने जगले, इतर 26 महिने. त्यांच्या नोंदी संगणकावर होत्या आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. आपल्याकडे ही सोय कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पुढच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत आयुष्य वाढल्याचं दिसलंही नाही, हेही सांगायला हवं. पण रुग्णांचं रोजचं जगणं तिथेही सुधारलं. वही एकटी काही करत नाही; ती वाचून फोन उचलणारं माणूस घरात लागतं. ‘डॉक्टरांना सारखा कशाला त्रास’ हा संकोच मात्र सोडलाच पाहिजे.

याउलट पथ्याचा बडेजाव कमी करता येईल. कच्चं सगळं बंद केल्यानं संसर्ग घटतो, असं चाचण्यांत दिसलेलं नाही; हात धुणं, ताजं शिजवणं, फळं नीट धुणं पुरतं. बासुंदीच्या या गावात उकळलेलं दूध तोडून अशक्तपणा का वाढवायचा?

पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी चढू लागलं की वहीचा आणखी एक उपयोग आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत इथले रस्ते पाण्याखाली गेले होते. सातवा ते चौदावा दिवस कोणत्या तारखांना येतो ते पाहून, रस्ता चालू असतानाच पेशंटला फाईल आणि औषधांसह दवाखान्याच्या बाजूच्या पाहुण्यांकडे हलवावं.