हरळीची हकालपट्टी

यंदा शिमग्याच्या तोंडावर आमच्या वसाहतीतली हरळी उपटून काढली आणि तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलं. कारणं सभेच्या सूचनेत छापलेलीच होती: पाणी वाचेल, माळ्याचा पगार वाचेल, फोटो चांगले येतील. पहिल्या दोहोंवर वाद घालता येईल, तिसऱ्यावर नाही. डहाणूत पावसाळ्यात कौलावरसुद्धा गवत उगवतं, भातात ते माजू नये म्हणून बायका दिवसचे दिवस वाकून बेणणी करतात; आणि इथे आम्ही न उगवणारं गवत पैसे मोजून आणलं. सभेत मी बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठराव एकमताने, म्हणजे माझं एक मत सोडून, मंजूर झाला. तेव्हा हा मागोवा जरा कडवट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

डहाणू-तलासरीतल्या गवताचा इतिहास बंगल्याच्या हिरवळीपासून सुरू होत नाही, मजुरीपासून सुरू होतो. इथली वरकस जमीन, म्हणजे भाताला न चालणारी चढ-उताराची माळरानं, दिवाळीच्या सुमाराला कमरेइतक्या गवताने भरून जायची. ते कापून, वाळवून, दाबून मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. पैसा जमीनदाराचा आणि व्यापाऱ्याचा. कापणारा वारली, तोही बहुतेक वेठीला. १९४५च्या मे महिन्यात झरीला वारल्यांची परिषद भरली आणि वेठ झुगारायची असं ठरलं. त्याच वर्षीच्या शरदात किसान सभेने मागणी केली ती गवताच्या दराची: पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. मागणी मान्य होईना तेव्हा विळे खाली ठेवले गेले आणि माळावरचं गवत उभंच राहिलं. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला, एका खोट्या निरोपावर जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. अडीच रुपयांचा दर जमीनदारांना शेवटी द्यावा लागला. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं आहे; तलासरीत अजून दर वर्षी त्या हुतात्म्यांना लाल सलाम केला जातो. डहाणू स्टेशनवर उतरून थेट समुद्राकडे जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असतं, ते विचारू नये.

त्यानंतरची दशकं चिकूची. वाड्या वाढल्या, टोपल्या भरल्या, टोपल्या गाडीत चढल्या. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला सांगायचं आहे ते नव्वदच्या दशकाविषयी. तेव्हा डहाणूत हिरवळ ही बंगलेवाल्यांकडे, इराणी आणि पारशी वाडीवाल्यांकडे किंवा आमच्यासारख्या चार बैठ्या घरांनी मिळून राखलेल्या मोकळ्या चौकात असे. विकतचं गवत कोणी आणत नसे. रस्त्याच्या कडेची हरळी मुळासकट खणायची, बोटबोट लांबीचे तुकडे करायचे, मिरगाच्या पावसात ओल्या मातीत वीतभर अंतरावर खोचायचे. गणपतीपर्यंत जमीन दिसेनाशी व्हायची. गणपतीच्या दूर्वाही तिथूनच खुडल्या जायच्या, त्यामुळे त्या एका कामासाठी तरी आमच्या हिरवळीला धार्मिक संरक्षण होतं.

खरी परीक्षा फाल्गुनात. पौष-माघातल्या थंडीत हरळी मरत नाही, पण वाढ थांबवते. वर पिवळी पडते आणि खाली जुन्या, वाळक्या धांड्यांचा एक गादीसारखा थर साचतो. पाणी त्या थरावरच अडतं, मुळांपर्यंत पोचत नाही. आमच्याकडे तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक वारली म्हातारा यायचा. आम्ही त्याला बाबा म्हणायचो, तो आम्हाला शेठ म्हणायचा. आमच्यापैकी बहुतेकजण मास्तर किंवा कारकून होते, तरी. फाल्गुन लागला की तो आधी आठवडाभर पाणी बंद करायला लावायचा. मग उकिडवा बसून, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत, आडवा सरकत सरकत विळ्याने सगळं गवत जमिनीलगत खरवडून काढायचा. मागून लोखंडी पंजाने वाळका थर ओढला की चौकाचं पार वाळवंट व्हायचं आणि घराघरांतून बायका ओरडायच्या की म्हाताऱ्याने सत्यानाश केला. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आखूड पहार घेऊन टीचटीचभर अंतरावर भोकं पाडायचा, कारण वर्षभराच्या पायांनी जमीन दाबून घट्ट झालेली असे. त्यावर चाळलेली माती, खाडीची नव्हे, नदीचीच रेती, आणि मुरलेलं शेणखत यांचं मिश्रण पातळसं पसरायचा. कोंब पूर्ण गाडले जाणार नाहीत इतकंच. शेणखत कच्चं असलं तर हुमणी होते आणि ती मुळं खाते, म्हणून खताच्या ढिगात हात घालून तो आधी ते गरम आहे का ते बघायचा. गरम असलं तर परत पाठवायचा. गुढीपाडव्याच्या सुमाराला रात्रीचा गारवा गेला की त्या वाळवंटातून पोपटी टोकं वर यायची. युरिया द्यायचा तो त्यानंतर, मूठभरच, आणि दिल्याबरोबर पाणी.

पाण्याचं त्याचं गणित तर मी अजून कुठल्या बागकामाच्या पुस्तकात वाचलेलं नाही. किनाऱ्याकडच्या आमच्या विहिरीचं पाणी होळीनंतर मचूळ व्हायचं. तो बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवायचा, थुंकायचा आणि ठरवायचा. मचूळ पाणी रोज थोडं थोडं शिंपडलं तर पाणी उडून जातं आणि मीठ वरच्या बोटभर मातीत साठत राहतं. पानांवर पडलं तर टोकं करपतात. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा, पहाटे, जमीन खोलवर भिजेल असं द्यावं. मीठ मुळांच्या खाली निघून जातं आणि मुळंही पाण्याच्या मागे खाली जातात. हरळीला खारट जमीन पुष्कळ चालते. म्हणून तर ती बंदराच्या धक्क्यापर्यंत आपण होऊन गेलेली असते. बाबाला एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत पटली नाही. गुरं नाहीत तर हे गवत खाणार कोण, असं तो दर वर्षी विचारायचा आणि कापलेला भारा डोक्यावर घेऊन जायचा. त्याच्या बापाने त्या ४५ सालच्या संपात विळा खाली ठेवला होता, असं त्याने एकदा सहज सांगितलं. आम्ही त्याची मजुरी किती देत होतो ते आठवून मी विषय बदलला होता.

याच दशकात डहाणूवर कोर्टकचेऱ्या चालू होत्या. २० जून १९९१ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांना कमाल ५०० एकर जागा आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखीव, असं त्या अधिसूचनेत होतं. औष्णिक वीज प्रकल्प मात्र आधीच मंजूर झालेला होता. ५०० मेगावॉटचा तो प्रकल्प १९९५मध्ये सुरू झाला. बिट्टू सहगल, नर्गिस इराणी, किट्यून रुस्तम ही मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. ३१ ऑक्टोबर १९९६चा निकाल आला आणि त्यातून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने किनाऱ्यावर वाढवणला होऊ घातलेलं बंदर नाकारलं. पुढच्या वर्षी वीज प्रकल्पाला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. ती चालू व्हायला २००७ उजाडलं, ही वेगळी कथा.

त्या दिवसांत बाजारात, स्टेशनवर, लग्नाच्या पंगतीत एक टोमणा ठरलेला होता: तुमच्या लॉनवर राख पडेल म्हणून तुम्हाला वीज नको. नाजूक डहाणू हे बंगलेवाल्यांचं खूळ आहे, असा त्याचा अर्थ. बोलणाऱ्यांची नावं मी लिहीत नाही, त्यातले काही अजून रोज नमस्कार करतात. पण हिशेब सांगायला हरकत नाही. ज्यांना ते लॉनवाले म्हणत होते त्यांनी चिंचणीच्या, वरोरच्या मच्छीमारांचं म्हणणं कोर्टाच्या कागदावर आणलं. आणि टोमणे मारणाऱ्यांपैकी बरेचजण आज प्लॉट विकतात. त्यांच्या जाहिरातीत ‘लँडस्केप गार्डन’ असतं.

२००० नंतरच्या बारा-तेरा वर्षांत हिरवळीच्या बाबतीत काही घडलं नाही. मोअर आला आणि बाबा यायचा थांबला, एवढंच.

एप्रिल २०१३मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि शनिवार-रविवारचा मुंबईकर आला. त्याच्यासाठी रिसॉर्ट आली, रिसॉर्टबरोबर मेक्सिकन गवत आलं. चौरस फुटावर विकलं जाणारं, चादरीसारखं उलगडायचं. दिसतं छान. त्या चादरीच्या मातीतून लव्हाळा फुकट येतो, आणि एकदा आलेला लव्हाळा जात नाही, कारण त्याच्या गाठी खोल राहतात आणि उपटणाऱ्याच्या हातात फक्त पात येते. हरळी तण ठरून आधी बाहेर काढली गेली ती याच काळात. उन्हाळ्यात अशी हिरवळ टवटवीत ठेवायला चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं. हजार चौरस फुटांना साडेचारशे लिटरच्या वर झालं. जलजीवन मिशन खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर देऊ म्हणतं. म्हणजे आठ माणसांचं पाणी. एप्रिल-मेमध्ये तलासरी आणि डहाणूच्या डोंगरपट्टीतल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्याकडे जातात, आणि इथल्या सूर्या नदीवरच्या धरणाचं पाणी वसई-विरारकडे, मीरा-भाईंदरकडे जातं. पाणी वाचवायचं तर प्लास्टिक, असं म्हणणाऱ्याचा मुद्दा मला कळतो. पण पाणी पिणारं गवत त्यांनीच आणलं होतं. हरळी उन्हाळ्यात पाण्यावाचून तपकिरी पडते आणि पहिल्या पावसात परत उठते. तपकिरी जमीन दोन महिने बघवत नाही, हे दुखणं गवताचं नाही.

नोव्हेंबर २०१८पासून जमीन हादरू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, तलासरी या पट्ट्यात धक्क्यांमागून धक्के. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा झाला. भर थंडीत लोक घराबाहेर झोपायला लागले. सरकारी तंबू आले, पण त्याआधी माणसं अंगणात, खळ्यावर, शाळेच्या पटांगणात पेंढा टाकून पडली होती. आमच्या चौकातही काही रात्री सतरंज्या पडल्या. दवाने गवत भिजलेलं, अंथरुणं ओलसर. तरी भिंतीपासून लांब, उघड्या मातीवर आहोत याचंच बरं वाटत होतं. पोरं तर खूष होती.

न्यायमूर्ती धर्माधिकारी त्याच वर्षीच्या ३ जानेवारीला गेले. जुलै २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये पायाभरणी झाली. तेव्हापासून इथल्या जमिनीला जो भाव आला आहे त्यात हरळीला जागा नाही, हे मी समजून आहे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सगळं बाराही महिने हिरवं दिसलं पाहिजे. प्लास्टिकचं गवत तेवढं एक काम चोख करतं. भर उन्हात ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याच्या जगभर नोंदी आहेत. त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, म्हणून तापलं की त्यावर पाणी मारावं लागतं. मांजर घाण करून गेलं तरी धुवावं लागतं. पावसाळ्यात कडांना शेवाळ धरतं. पाच-दहा वर्षांनी फाटलं की ते न्यायचं कुठे, याचं उत्तर सभेत कोणाकडे नव्हतं. डहाणूचा कचरा कुठे पडतो ते सगळ्यांना माहीत आहे.

ज्यांच्या दारात अजून चार हात माती उरली आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. हरळी असेल तर उपटू नका. पाडव्याच्या आत खरवडा, भोकं पाडा, मुरलेलं शेणखत आणि माती पसरा. मोअर असेल तर गवताच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून जास्त एका वेळी कापू नका. पाणी नसेल तर वैशाखात तिला वाळू द्या. हरळीच नसेल तर मिरगापर्यंत थांबा. रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या कुंपणाला, शाळेच्या मागे ती फुकट मिळते. आणि कामाला माणूस बोलावलात तर दर आधी ठरवा, उक्तं नको, रोजाचा, आणि संध्याकाळी हातावर द्या.