‘तुंबाडचे खोत’ वाचायचंय? आधी ‘खोत’ म्हणजे कोण, ते समजून घ्या

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. कोकणातल्या एका घराण्याच्या चार पिढ्यांची ही गोष्ट. (२०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटाची कथा मात्र वेगळी आहे.) पण हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीचा वाचक नावापाशीच अडतो. मराठवाड्याला पाटील, देशमुख, जहागीरदार ठाऊक आहेत. खोत कोण?

खोताचं काम काय होतं?

गावचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणं. हा हक्क बापाकडून मुलाकडे जायचा. कुळांकडून जास्त वसूल करायचं, सरकारला ठरलेलं द्यायचं आणि उरलेलं घरात ठेवायचं, असा हा व्यवहार. अनेक गावांत भाताचा अर्धा वाटा खोताकडे जायचा. शिवाय वेठ, म्हणजे खोताच्या घरी फुकट राबणं. घराण्याचा मान आणि दरारा या वसुलीवर उभा होता.

ही पद्धत मोडली कशी?

१९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी इथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला. जमीन कसायचीच नाही, असं ठरलं. संप सुमारे सहा वर्षं चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

मग हिंगोलीशी याचा संबंध काय?

हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि १९४९ मध्ये तिथल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. म्हणजे नावं वेगळी, पण जमिनीवरचे पिढीजात हक्क दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी संपले.

कादंबरी वाचताना काय लक्षात ठेवायचं?

ही गोष्ट खोतांच्या घराण्याची आहे. त्यामुळे घरातली भांडणं, हेवेदावे, मानपान वाचताना एक प्रश्न सोबत असू द्या: या घरात शिजणारा भात कुणी पिकवला? आणि पुस्तक मिटल्यावर घरातल्या थोरल्या माणसांना विचारा, आपल्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांचं नाव कधी आणि कसं लागलं?