दोन फिकट रंगांची तुलना

मोतिया आणि हस्तिदंती या दोन रंगांचे लहान नमुने हाती घेतले, तर त्यांतील भेद सहसा ध्यानात येत नाही. परंतु तेच रंग खोलीच्या चारही भिंतींना दिले, की एक खोली शुभ्र भासते आणि दुसरी पिवळसर. असे का व्हावे?

पांढऱ्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व वर्णांचे किरण असतात. हस्तिदंती रंग त्यांतील निळे किरण काहीसे अधिक शोषून घेतो. म्हणून तो पिवळसर दिसतो. समजा, एक भिंत तांबड्या किरणांपैकी शेकडा ८० व निळ्यांपैकी शेकडा ६० परावर्तित करते. म्हणजे परत येणारे निळे किरण तांबड्यांच्या पाऊणपट होत. खोलीत मात्र प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर जातो. दोन परावर्तनांनंतर तांबडे ६४ उरतात, तर निळे केवळ ३६. पाऊणपटीचे प्रमाण आता निम्म्याहून थोडेच अधिक राहिले. किंचित असलेली छटा खोलीत गडद होते, ती यामुळेच.

यावरून परीक्षेची रीत सुचते. एकाच रंगाचे दोन हात दिलेले दोन पुठ्ठे, वाळल्यावर, उघड्या पुस्तकाप्रमाणे काटकोनात उभे करावेत. आतल्या कोपऱ्यात दिसणारी छटा खोलीतील छटेच्या अधिक जवळची असते. दुसऱ्या रंगाचीही अशीच जोडी करून शेजारी ठेवावी. मात्र भोवतालच्या रंगामुळे मूळ रंग निराळा भासतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरोल यांनी १८३९ मध्ये सविस्तर दाखविले आहे. म्हणून मागची जुनी भिंत पांढऱ्या कागदाने झाकावी.

ही पाहणी सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडातही करावी. तापलेल्या तारेच्या दिव्यात निळे किरण थोडे असल्याने पांढऱ्या व पिवळसर रंगांतील भेद कमी जाणवतो. दिवसा तो पुन्हा स्पष्ट होतो.

हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. वर्गात खिडकीपासून दूर बसलेल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकावर दिवसा पडणारा प्रकाश बऱ्याच अंशी भिंती व छत यांवरून परावर्तित होऊन आलेला असतो. तेव्हा दोन फिकट रंगांतून एकाची निवड करणे म्हणजे त्या विद्यार्थ्याला किती आणि कोणता प्रकाश मिळावा, हे ठरविणे होय.