घरातलं वाय-फाय विहिरीपर्यंत का जात नाही? ‘लोरा’चा पर्याय समजून घ्या

बोरी (ता. जिंतूर, जि. परभणी) : बैठकीतला दिवा मोबाइलवरून लावता येतो, पंखा आवाज दिला की फिरतो. पण रात्री थ्री-फेज लाइन आली की मोटार सुरू करायला हातात बॅटरी घेऊन शेतच गाठावं लागतं. अंधार, चिखल आणि विंचू-सापाची भीती असतेच. गावातलं घर चार भिंतींत संपत नाही. गोठा, आखाडा, विहीर हाही घराचाच भाग. मग घर ‘स्मार्ट’ करताना हे सगळं बाहेर का राहतं?

वाय-फाय कुठे थांबतं?

घरातलं वाय-फाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतं. ते व्हिडिओसारखा भरपूर डेटा वेगाने नेण्यासाठी बनलं आहे. दोन-तीन भिंती आडव्या आल्या की सिग्नल मंदावतो. महागडा राउटर घेतला तरी किलोमीटरभर दूरच्या विहिरीपर्यंत तो पोहोचत नाही.

लोरा वेगळं काय करतं?

शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारताना आपण शब्द लांबवतो. कमी बोलतो, पण लांबवर ऐकू जातं. ‘लोरा’ म्हणजे लाँग रेंज हे तंत्र तसंच आहे. फ्रान्समधल्या सायक्लिओ कंपनीने ते विकसित केलं आणि २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी घेतली.

लोराचा वेग सेकंदाला साधारण २५० ते ५,५०० बिट इतकाच. पण ‘लाइन आली’, ‘टाकी भरली’, ‘मोटार बंद कर’ एवढं सांगायला तो पुरतो. घराच्या गच्चीवर उंच अँटेना लावली, तर उघड्या माळावर काही किलोमीटरपर्यंत निरोप जातो. टाकी किंवा जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर छोट्या बॅटरीवर काही वर्षं चालू शकतो.

सिमवाला स्टार्टर आहेच की!

मोटार एकच असेल आणि विहिरीवर मोबाइलची रेंज असेल, तर तो सोपा पर्याय आहे. मात्र प्रत्येक उपकरणाला वेगळं सिम आणि रिचार्ज लागतो. लोरात घरावरचा एकच गेटवे मोटार, टाकी, गोठा आणि फाटक सांभाळतो. सर्व्हर घरातच ठेवला, तर इंटरनेट बंद असतानाही काम चालू राहतं.

काय जमत नाही?

लोरावर कॅमेऱ्याचा व्हिडिओ दिसणार नाही. शिवाय बॅटरीवरचं उपकरण बहुधा स्वतः निरोप पाठवल्यावरच क्षणभर ऐकतं, त्यामुळे आपला हुकूम उशिरा पोहोचतो. मोटारीसाठी सतत ऐकणारं ‘क्लास सी’ उपकरणच हवं. लाइन गेल्यावर ते बंद पडू नये म्हणून छोटा बॅकअपही लागतो.

घेण्यापूर्वी हे तपासा

■ फ्रिक्वेन्सी : भारतात अशा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे. २००५ मध्ये ८६७ पर्यंतचा भाग खुला झाला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. खोक्यावर ‘आयएन८६५’ आहे का, ते पाहा. अमेरिकेतली ‘९१५’ उपकरणं इथल्या मोबाइल सेवेच्या पट्ट्यात येतात. युरोपातल्या ‘८६८’ उपकरणांची मुख्य चॅनेल्सही आपल्या मर्यादेच्या थोडी वर आहेत. स्वस्त दिसलं म्हणून ऑनलाइन मागवू नका.

■ मंजुरी : केंद्राच्या डब्ल्यूपीसी विभागाची ‘ईटीए’ मंजुरी आहे का, ते विचारा.

■ मोटारीचं संरक्षण : विहीर कोरडी पडली, एक फेज गेला किंवा निरोप तुटला, तर मोटार आपोआप बंद व्हायला हवी. स्टार्टरमधलं संरक्षण काढून उपकरण जोडू नका. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

■ पासवर्ड : गेटवेचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

सुरुवात कशी करावी?

थेट मोटारीला हात घालू नका. आधी टाकीच्या पातळीचा एक सेन्सर लावा आणि तो विहिरीवर नेऊन निरोप येतो का पाहा. तूर, कापूस उंच वाढल्यावर पुन्हा तपासा, कारण दाट पिकात रेंज कमी होते. पावसाळाभर निरोप नीट आले, तरच मोटार जोडा. रात्रीची एक फेरी वाचली, तरी खर्चाचं चीज झालं.