रोजगार मेळाव्यास जाण्यापूर्वीं

रोजगार मेळाव्याची जाहिरात बसस्थानकावर लागली कीं आमच्याकडे दोन प्रकारचे पालक येतात. एक विचारतात, "तेथें नोकऱ्या वांटतात म्हणे, पोराला पाठवूं का?" दुसरे म्हणतात, "तो सारा देखावा. गाडीभाडें खर्चून कोण जाणार?" दोघांचेंही म्हणणें आम्हांस पटत नाहीं. मेळाव्यांत नोकरी वांटली जात नाहीं हें खरें. परंतु ज्या कारखान्यांत एरव्हीं फाटकावरच्या पहारेकऱ्यापलीकडे आपली दाद लागत नाहीं, त्याचा माणूस त्या दिवशीं टेबलामागें बसून आपलें म्हणणें ऐकून घेण्यास तयार असतो. एवढाच मेळाव्याचा लाभ, आणि तो थोडका नव्हे.

नोकरी शोधणारा व नोकर शोधणारा यांची गांठ घालून देण्याचें काम सरकारनें अंगावर घेतलें त्यास बराच काळ लोटला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ सालीं, सैन्यांतून मोकळ्या होणाऱ्या शिपायांसाठीं आपल्या देशांत सेवायोजन कार्यालयें निघालीं. १९४८ पासून तीं सर्वांस खुलीं झालीं. महाराष्ट्रांत आज तें काम जिल्ह्याजिल्ह्याचें कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र पाहतें, आणि पुष्कळसे मेळावेही तेंच भरवितें. ‘महास्वयम्’ या संकेतस्थळावर नांव आधींच नोंदवून ठेवावें.

टेबलापाशीं उमेदवारास वेळ किती मिळतो? तीन मिनिटें मिळालीं तर पुष्कळ. तेवढ्यांत आपण कोण, काय शिकलों, कोणतें काम करूं शकतों आणि याच ठिकाणीं कां आलों, हें सांगतां आलें पाहिजे. "कोणतेंही काम करीन" हें उत्तर नम्रतेचें वाटतें, पण समोरच्यास त्यांतून कांहींच बोध होत नाहीं. "मी फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आहे, व्हर्नियरनें अचूक माप घेतां येतें, आणि मला जुळणीच्या खात्यांत काम हवें आहे," असें म्हणणारा मुलगा त्याच्या ध्यानांत राहतो. हीं चार वाक्यें घरीं मोठ्यानें म्हणून पाहावींत. मनांत सोपीं वाटणारीं वाक्यें तोंडांतून निघतांना अडखळतात, हा अनुभव आमचाही आहे.

मेळाव्यांत कोण कोण येणार याची यादी पुष्कळदां आधीं मिळते. तिच्यांतून चार-पांच नांवें निवडून त्यांचा माल कोणता, कारखाना कोठें, एवढें तरी समजून घ्यावें. आम्हीं पाहिलेल्या एका मेळाव्यांत एका नामांकित मोटारकारखान्यापुढची रांग मांडवाबाहेर गेली होती; आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्याचा माणूस भर दुपारीं एकटाच चहा पीत बसला होता. त्याला सहा मुलें हवीं होतीं.

पगाराविषयीं विचारण्यास आपलीं मुलें लाजतात, व म्हणून पुढें फसतात. समजा, मूळ वेतन १२,००० रुपये आहे. भविष्यनिर्वाह निधीपोटीं बहुधा शेकडा १२ प्रमाणें, म्हणजे १,४४० रुपये, कापले जातात. मालकही आपला वाटा घालतो, आणि पुष्कळ ठिकाणीं सांगितलेल्या आंकड्यांत तो वाटाही धरलेला असतो. हा पैसा बुडत नाहीं, खात्यावर जमतो. परंतु खोलीचें भाडें त्यांतून देतां येत नाहीं. तेव्हां "हातांत किती येतील?" हा प्रश्न सरळ विचारावा. नेमणूक कारखान्याची कीं कंत्राटदाराची, हेंही विचारावें. १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. तींत विद्यावेतन मिळतें, आणि मुदत संपल्यावर तेथेंच कायम नेमणूक होईलच असें नाहीं. तरीही हातास वळण लागावें म्हणून ती पत्करण्यासारखी आहे, असें आमचें मत आहे.

नोकरीसाठीं कोणी अनामत, गणवेशाचे पैसे किंवा ‘फाइल पुढें सरकविण्याचा खर्च’ मागितला, तर तेथून उठावें.

पालकांनीं बरोबर यावें, पण टेबलापाशीं बोलूं नये. एका वडिलांनीं मुलास विचारलेल्या साऱ्या प्रश्नांचीं उत्तरें स्वतःच दिलीं. शेवटीं टेबलामागील बाई हसून म्हणाल्या, "मग काका, तुम्हीच या कामाला." मुलगा खालीं पाहत राहिला. आम्हांस वडिलांचा राग आला नाहीं. बिचारे एका दिवसाची मजुरी बुडवून आले होते.

आतां कागदपत्रें. आपली माहिती एका पानांत बसवावी व तिच्या आठ-दहा प्रती न्याव्यात. प्रमाणपत्रांच्या छायाप्रती द्याव्यात; मूळ कागद दाखवावेत, पण कोणाच्याही हवालीं करूं नयेत. कोणत्या टेबलावर कोणास भेटलों व त्यानें काय पाठविण्यास सांगितलें, हें त्याच सायंकाळीं वहींत लिहून ठेवावें.

यांपेक्षां मोठी अडचण नांवाची असते. गुणपत्रिकेवर आडनांव आधीं, आधारपत्रावर तें शेवटीं, हा फरक समजण्यासारखा आहे. पण एकावर ज्ञानेश्वर व दुसऱ्यावर ज्ञानदेव, किंवा जन्मतारखाच दोन, असें झालें कीं निवड होऊनही काम अडतें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची अशीच निवड झाली होती. दुरुस्तीसाठीं शपथपत्र, राजपत्र आणि कचेऱ्यांच्या खेपा यांत दोन महिने गेले, व तोंपर्यंत ती जागा भरली गेली. शाळेंत असेपर्यंत अशी चूक सुधारणें सोपें असतें. दाखला हातीं पडल्यावर तें फार कठीण होतें. शाळेच्या कचेरींत जनरल रजिस्टर आहे. आपलें व आईवडिलांचें नांव आणि जन्मतारीख तींत कशी लिहिली आहे, हें पाहून येण्यास पांच मिनिटें लागतात.