सातबाऱ्यामागचा सॉलिसिटर

आमच्या घरात ‘जमीन कुळात गेली’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. जमीन पुरात जावी किंवा सावकाराकडे जावी, तशी ती ‘कुळात’ गेली. किन्हवलीच्या पुढे, शहापूर आणि मुरबाड तालुके जिथे एकमेकांना टेकतात, तिथली ती भाताची खाचरे. ती घालवणारा म्हणून आजी एकच नाव घेई : बाळासाहेब खेर.

मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात येते, पण मुळात ते कायद्याच्या पेशातले. जन्म २४ ऑगस्ट १८८८, रत्नागिरी. विल्सन कॉलेजातून १९०८ मध्ये बी. ए.; पुढे एलएल. बी. काही काळ न्यायमूर्ती बीमन यांचे सचिव आणि १९१८ पासून ‘मणिलाल खेर’ या सॉलिसिटर पेढीचे भागीदार. मग स्वराज्य पक्ष, १९३० आणि १९३२ चे तुरुंगवास, आणि जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधानपद (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा हेच म्हणत).

या पहिल्या कारकिर्दीतच १९३९ चा कुळकायदा झाला. विधेयक महसूलमंत्री मोरारजी देसाईंचे, मंत्रिमंडळ खेरांचे. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणारा तो ‘संरक्षित कूळ’. आपल्याकडच्या जुन्या सातबाऱ्यांवर ‘सं. कूळ’ अशी दोन आखूड अक्षरे दिसतात, ती या कायद्याची. त्याआधी खंड वाढवायचा की कूळ काढायचे, हे मालकाच्या मर्जीवर असे. आमच्याकडे खाचर एकपिकी. पावसाळ्यात खावटी उचलायची आणि झोडणी झाली की खंड व खावटी एकदमच खळ्यावरून मालकाच्या घरी, असा क्रम. ठाकूर-कातकऱ्यांच्या हाती मग फार काही उरत नसे.

याच सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन यांचा आदिवासींविषयीचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारी माणसे सरकारी कागदावर आली. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि खेरांनी १९४० मध्ये ठाणे जिल्ह्यासाठी आदिवासी सेवा मंडळ काढले. सत्तेत नसतानाचे हे काम मला त्यांच्या मंत्रिपदाइतकेच मोलाचे वाटते.

पण चित्र एकरंगी नाही. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडलेले खोतीविरोधी विधेयक याच सरकारने पुढे जाऊ दिले नाही. खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने, खेरांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत. आणि वारल्यांचा लढा उभारणाऱ्या गोदावरी परुळेकरांना १९४६ मध्ये जिल्ह्यातून हद्दपार केले, तेव्हाही मुख्य खुर्चीवर हेच सौम्य, संस्कृतप्रेमी गृहस्थ होते. आदिवासींची सेवा त्यांना हवी होती. आदिवासींची संघटना मात्र त्यांच्या सरकारला पेलली नाही, असे माझे मत आहे.

१९४८ च्या कायद्याने खंडावर मर्यादा घातली : कोरडवाहूला पिकाचा तिसरा हिस्सा, बागायतीला चौथा. पण त्यात एक फट होती. कुळाने जमीन ‘स्वखुशीने’ सोडली, तर संरक्षण संपे. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले संस्थेतर्फे या कायद्याची पाहणी केली. त्यांच्या १९५७ च्या अहवालाचा सूर असा, की कायदा पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कूळच मालक मानले गेले; किंमत आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. खेर तो दिवस पाहू शकले नाहीत. ८ मार्च १९५७ रोजी ते वारले.

या लेखासाठी मी घरातली ट्रंक उघडली. आमची जमीन कुळात गेली, हे खरे. पण सगळी नव्हे. १९५३ चा एक कागद मिळाला. ‘मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय जमीन सोडत आहे’ अशा मजकुराखाली डाव्या अंगठ्याचा ठसा. अक्षर आजोबांचे. मजकूर लिहिणारा मालक आणि अंगठा कुळाचा.

ते खाचर आजही आमच्या नावावर आहे. अंगठा देणाऱ्याच्या नातवाला मी ओळखतो. तो रोज आसनगावहून लोकलने कामाला जातो. दिवाळीनंतर तो भात झोडायला येईल, तेव्हा कागद त्याच्यापुढे ठेवायचा, असे मी बायकोला सांगितले आहे. ती अजून काही बोललेली नाही.